टायट्रेशनमध्ये गुलाबी येतो आणि जातो, रीडिंग काही केल्या जुळत नाही

टायट्रेशन म्हणजे ताकद माहीत असलेलं द्रावण थेंबाथेंबाने सोडून दुसऱ्या द्रावणाची ताकद मोजणं, आणि त्यातली ही तक्रार नेहमीचीच. ब्युरेटमध्ये, म्हणजे खाली कळ असलेल्या मापाच्या उभ्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड हे आम्लारी, खाली फ्लास्कमध्ये आम्ल, त्यात फिनॉल्फ्थॅलीन या दर्शकाचे, म्हणजे रंग बदलून शेवट दाखवणाऱ्या पदार्थाचे, दोन थेंब. गुलाबी छटा आली म्हणून रीडिंग लिहायला वळावं, तर पेन टेकेपर्यंत फ्लास्क पुन्हा पाण्यासारखा. आणखी एक थेंब, पुन्हा गुलाबी, पुन्हा काही नाही. मग कोणी २४.८ लिहितं, कोणी २५.६, आणि शेवटी शेजारच्या वहीत डोकावून सगळ्यांची २५.१ वर एकी होते. हे इतक्या वेळा पाहिलंय की हल्ली कोणी फ्लास्क दाखवायला आणला की मी एकच प्रश्न विचारतो: रंग जायला किती वेळ लागला? निम्मं निदान त्या उत्तरातच असतं.

रंग किती वेळात जातो?

थेंब पडल्या जागी गुलाबी ठिपका उमटला आणि फ्लास्क फिरवताच विरला, तर काहीही बिघडलेलं नाही. त्या एका जागी क्षणभर आम्लारी जास्त झालं, ढवळल्यावर उरलेल्या आम्लाने ते संपवलं, एवढंच. हा ठिपका विरायला वेळ लागू लागला की शेवट जवळ आला. तिथून पुढे स्टॉपकॉकवरची (ब्युरेटच्या कळीवरची) बोटं सैल सोडायची नाहीत, थेंबाथेंबाने जायचं.

छटा सगळ्या द्रावणात पसरली, फिरवूनही टिकली, आणि मग अर्ध्या-एक मिनिटात हळूहळू फिकट होत नाहीशी झाली, तर तुमचं टायट्रेशन झालेलं आहे. रंग घालवला तो हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने. नेमका गोंधळ इथेच होतो. विद्यार्थ्याला वाटतं अजून आम्ल शिल्लक आहे, म्हणून तो थेंब टाकत राहतो आणि रीडिंग सरकत जातं.

तिसरा प्रकार क्वचित दिसतो, पण दिसला की माणूस पार चक्रावतो. तीव्र आम्लारीत दर्शक घातला, झकास गडद गुलाबी आला, आणि काहीही न घालता काही मिनिटांत आपोआप उडून गेला. त्याबद्दल खाली सांगतो.

एका थेंबाचा हिशेब

कार्बन डायऑक्साइड हवेत असतो तरी किती, तो काय रंग घालवणार, असं वाटणं साहजिक आहे. म्हणून एकदा आकडे मांडून बघू. ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल; मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) हायड्रोक्लोरिक आम्ल २५ मिली घेतलं आणि त्यात ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो. २४.९५ मिली पडल्यावर फ्लास्कमध्ये ०.००५ मिलिमोल आम्ल उरतं, तेही सुमारे ५० मिली द्रावणात. म्हणजे पीएच (आम्ल-आम्लारीपणाचं माप; ७ मध्यावर, त्याखाली आम्ल, वर आम्लारी) साधारण ४. आता ०.०५ मिलीचा एक थेंब, बरोबर २५.०० वर पीएच ७. आणखी एक थेंब, २५.०५, पीएच साधारण १०. दोन थेंबांत पीएच ४ वरून १० वर. (पुस्तकात पीएचला सामू म्हणतात; प्रयोगशाळेत सामू म्हणणारा मला अजून भेटायचा आहे.)

फिनॉल्फ्थॅलीन सुमारे ८.३ ते १० या पट्ट्यात रंगहीनाचं गुलाबी होतं. पीएच ९ च्या आसपास जी अगदी फिकट छटा दिसते, तेवढ्यापुरतं जास्तीचं आम्लारी ५० मिलीत जेमतेम ०.०००५ मिलिमोल असतं. थेंबाचा दहावा हिस्सा. आणि हवेशी समतोल झालेल्या ५० मिली पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइडसुद्धा साधारण तितकाच, किंबहुना थोडा जास्तच असतो. अशा पाण्याचा पीएच ७ नसून ५.६ च्या आसपास असतो, तो याच कारणाने. म्हणजे रंग टिकवणारं आम्लारी आणि रंग घालवणारा वायू, दोघांची ताकद बरोबरीची. फ्लास्कवर वाकून, ‘आला का रंग, आला का’ करत श्वास सोडणारे दोघे-तिघे असले की तो आणखी लवकर जातो. हा विनोद नाही, करून बघा.

रंग झटकन न जाता सावकाश का जातो, याचंही कारण आहे. विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल व्हायला काही सेकंद लागतात. आम्ल-आम्लारीची स्वतःची अभिक्रिया मात्र डोळ्याची पापणी लवायच्या आत उरकते. त्यामुळे हळू जाणारा रंग म्हणजे हवा, आणि झटक्यात जाणारा रंग म्हणजे शिल्लक आम्ल, एवढी खूणगाठ बांधून ठेवा.

उपाय सोपा आहे. फ्लास्क फिरवूनही छटा तीस सेकंद टिकली की ब्युरेट बंद, रीडिंग लिहायचं, आणि पुढे रंगाचं काय होतं ते बघायचंही नाही. फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवा, म्हणजे गडद गुलाबीची वाट बघत बसणार नाही. गडद गुलाबी आला तर तो शेवट हातून निसटल्याचा पुरावा समजा. पाणी उकळून, झाकून गार केलेलं वापरलं तर रंग बराच जास्त वेळ टिकतो.

सगळ्यांचं रीडिंग जुळतं, पण चुकीचं येतं

हा खरा छळणारा प्रकार. रीडिंग विखुरलेली असली तर हात चुकतो आहे हे कळतं तरी. जुळणारी चुकीची रीडिंग मात्र खात्री देऊन फसवतात.

शिकवायला लागलो त्या पहिल्या वर्षी एका बॅचमधल्या जवळजवळ सगळ्यांचं रीडिंग २५.६ आलं. ऑक्सॅलिक आम्ल मी स्वतः वजन करून बनवलेलं, बाटलीवर सोडियम हायड्रॉक्साइड ०.१०० मोलर असं लिहिलेलं, यायला हवं होतं २५.०. मी सरळ कॉपीचा आरोप करून मोकळा झालो. सगळे गेल्यावर स्वतः करून पाहिलं. २५.६. पुन्हा केलं, २५.६. मग बाटली उचलली आणि झाकण फिरवलं, तर आट्यांमधून पांढरी खपली भुरभुरत बोटांवर पडली. लेबलवरची तारीख कित्येक महिन्यांपूर्वीची. दुसऱ्या दिवशी बॅचची माफी मागावी लागली.

ती खपली म्हणजे सोडियम कार्बोनेट. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचं कार्बोनेट होतं, आणि बाटली उघडली जाते त्या प्रत्येक वेळी यात भर पडते. दोन रेणू हायड्रॉक्साइड खर्ची पडतात तेव्हा एक रेणू कार्बोनेट तयार होतं. आता कार्बोनेट स्वतःही आम्लारीधर्मी आहे, तेही दोन हायड्रोजन आयन घेऊ शकतं, मग नुकसान कुठे झालं? नुकसान दर्शकापाशी होतं. फिनॉल्फ्थॅलीनचा रंग जिथे बदलतो तिथे कार्बोनेट बायकार्बोनेटपर्यंतच पोचलेलं असतं, म्हणजे अर्ध्या वाटेवर. उरलेली अर्धी ताकद या दर्शकाला दिसतच नाही.

एक लिटर ०.१ मोलर द्रावणातलं ५ टक्के हायड्रॉक्साइड असं कार्बोनेट झालं असं धरा. उरलं ०.०९५ मोल हायड्रॉक्साइड आणि ०.००२५ मोल कार्बोनेट. फिनॉल्फ्थॅलीनच्या हिशेबाने या द्रावणाची ताकद ०.०९७५. अशा द्रावणाने २५ मिली ०.१ नॉर्मल (म्हणजे लिटरला ०.१ मोल हायड्रोजन आयन देणारं) ऑक्सॅलिक आम्ल उदासीन करायला लागतात २५.६ मिली. माझ्या त्या बॅचचा आकडा!

बाटलीवर संशय असेल तर अर्ध्या तासात शहानिशा होते. या वेळी भूमिका उलट करा: सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिली फ्लास्कमध्ये, ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ब्युरेटमध्ये. आधी फिनॉल्फ्थॅलीन घाला, गुलाबी जाईपर्यंत आम्ल सोडा आणि रीडिंग घ्या. मग त्याच फ्लास्कमध्ये मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक घाला, पिवळा रंग येईल, आणि नारिंगी होईपर्यंत पुढे जा. बाटली चांगली असेल तर दोन रीडिंगमध्ये थेंब-दीड थेंबाचा फरक पडेल. वरच्या उदाहरणातल्या द्रावणाला मात्र पहिलं रीडिंग २४.४ आणि दुसरं २५.० येईल. मधले ०.६ मिली म्हणजे बायकार्बोनेटची ती न दिसलेली अर्धी वाट. ही तपासणी हायड्रोक्लोरिक आम्लानेच करा. ऑक्सॅलिक आम्लासोबत मिथिल ऑरेंज चालत नाही, शेवट धूसर होतो. त्याहून झटपट पाहायचं असेल तर थोड्या द्रावणात बेरियम क्लोराइड घाला. पांढरा गढूळपणा आला की कार्बोनेट आहे. बेरियमचे विरघळणारे क्षार विषारी असतात, तेव्हा हात धुवा आणि ते सिंकमध्ये ओतू नका.

खराब बाटली टाकून नवी बनवणं उत्तम. आता ‘चार ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड एक लिटरमध्ये’ हे गणित कागदावर बरोबर आहे, पण काट्यावर ठेवलेल्या गोळ्यांकडे एकदा नीट बघा. शेवटचा अंक सावकाश वर चढत असतो आणि गोळ्या ओलसर चकाकायला लागतात. हवेतलं पाणी त्या तुमच्या डोळ्यांदेखत पीत असतात. म्हणून या पदार्थाच्या वजनावरून ताकद कधीच ठरवायची नाही. द्रावण अंदाजाने बनवायचं आणि मग एखाद्या भरवशाच्या आम्लाने ते प्रमाणित करायचं.

जुन्या लोकांची एक युक्ती मला फार आवडते. वजनाने निम्मं सोडियम हायड्रॉक्साइड आणि निम्मं पाणी असं दाट द्रावण बनवून प्लास्टिकच्या बाटलीत ठेवून द्यायचं. एवढ्या दाट द्रावणात सोडियम कार्बोनेट जवळजवळ विरघळतच नाही, ते तळाला बसतं. काही दिवसांनी वरचं निवळ द्रावण अलगद काढून घ्यायचं. ते साधारण १९ मोलर असतं, त्यामुळे ०.१ मोलरच्या एका लिटरला ५.३ मिलीच्या आसपास पुरतं. पातळ करायला उकळून गार केलेलं पाणी घ्या. बनवताना मात्र सावध! हे द्रावण इतकं तापतं की हात लावता येत नाही. भांडं गार पाण्यात ठेवून गोळ्या थोड्या-थोड्या करून पाण्यात सोडायच्या, डोळ्यांवर चष्मा हवाच.

प्रमाणित करायला पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट सगळ्यात निर्धोक. ०.५१०६ ग्रॅमला ०.१ मोलर आम्लारी बरोबर २५ मिली लागतं. ते ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर वाळवून घेतात. ऑक्सॅलिक आम्लही चालतं, १.५७६ ग्रॅम २५० मिलीत घेतलं की ०.१ नॉर्मल होतं. पण ते ओव्हनमध्ये घालू नका. त्याच्या स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, ते उडाले की वजनाचं सगळं गणित फिसकटतं. ही चूक मी एका फार हुशार मुलीला करताना पाहिली आहे. तिने ‘कोरडं असावं’ हा नियम काळजीने पाळला होता.

आणि एक. ज्या दर्शकाने द्रावण प्रमाणित केलं, तोच दर्शक पुढच्या कामाला वापरा. मग थोडंफार कार्बोनेट असलं तरी दोन्हीकडे सारखीच चूक होते आणि बरीचशी कटून जाते.

दर्शकच चुकीचा निवडला असेल तर

‘उदासिनीकरण’ हा शब्द मुलांना फसवतो. आम्ल उदासीन झालं म्हणजे पीएच ७ झाला, असं ते धरून चालतात. तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारी असतील तर ते खरं आहे. पण ०.१ मोलर ॲसेटिक आम्लात तेवढंच सोडियम हायड्रॉक्साइड घातलं, दोघांचे मोल अगदी बरोबर जुळले, तरी पीएच सुमारे ८.७ येतो. तयार झालेला ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे हायड्रोजन आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड आयन मागे उरतात. याच द्रावणात पीएच मीटर लावून ७ वर थांबलात तर रीडिंग २५.०० ऐवजी २४.८६ येईल, तीन थेंब कमी. मीटर बरोबर असतो, थांबायची जागा चुकलेली असते. अमोनियात हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं तर उलटं: मोल जुळतात तेव्हा पीएच ५.३ च्या आसपास असतो.

आता ॲसेटिक आम्लाला कोणी मिथिल ऑरेंज वापरलं तर काय होतं बघा. हा दर्शक ३.१ ते ४.४ मध्ये लालाचा पिवळा होतो. ०.१ मोलर ॲसेटिक आम्लाचा पीएच सुरुवातीलाच २.९ असतो. म्हणजे पहिल्या मिलीपासून रंग सरकायला लागतो, कुठेही झटका बसत नाही, आणि साडेसात-आठ मिलीवर पूर्ण पिवळा! खरा शेवट २५ वर. ‘सर, रंग हळूहळू बदलतोय, नक्की कुठे थांबू?’ असं कोणी विचारलं की मी आधी दर्शकाची बाटली बघतो. अमोनियाला फिनॉल्फ्थॅलीन लावलं तरी तेच. गुलाबी फिकट होत होत साडेबावीसच्या आसपासच संपतो. तिथे मिथिल रेड घ्या, ४.४ ते ६.२ चा.

तीव्र आम्ल-आम्लारीच्या जोडीला मात्र दोन्ही दर्शक चालतात. वर पाहिलं तसं दोन थेंबांत ४ पासून १० पर्यंत उडी असते. कुठेही पकडा, चूक थेंबाभराचीच.

दर्शकाचे थेंब मोजून टाका, दोन म्हणजे दोन. ‘रंग नीट दिसावा’ म्हणून पाच-सहा थेंब टाकणारे असतात. फिनॉल्फ्थॅलीन एकाच बाजूला रंगीत असल्यामुळे ते जास्त घातलं की डोळ्याला गुलाबी लवकर दिसतो आणि प्रत्येक फ्लास्कचा शेवट वेगळ्या जागी पडतो.

गुलाबी आपोआप उडाला, तो प्रकार

दर्शक म्हणून आज सगळीकडे वापरलं जाणारं फिनॉल्फ्थॅलीन आडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये पहिल्यांदा तयार केलं. त्याचा एक स्वभाव शाळेत सहसा सांगत नाहीत: आम्लारी फारच तीव्र असेल, पीएच १३ च्या पुढे, तर गुलाबी रेणूला आणखी एक हायड्रॉक्साइड चिकटतं आणि तो पुन्हा रंगहीन होतो. हे सावकाश घडतं, म्हणून आधी झकास रंग येतो आणि मग उडतो. धोका असा की ‘रंग नाही, म्हणजे आम्लच आहे’ असं समजून कोणी त्यात बोट घालेल किंवा ते सिंकमध्ये ओतेल. लाल लिटमस लावून बघा, क्षणात निळा होईल. द्रावणाचा छोटा भाग भरपूर पाण्यात पातळ केला तर गुलाबी हळूहळू परत येतो. टायट्रेशनला मुळात ०.१ मोलरच्या आसपास राहिलात तर ही भानगड वाट्याला येत नाही.

रीडिंग एकमेकांशीच जुळत नसतील

इथे रसायनशास्त्र कमी आणि धुणं-पुसणं जास्त. ब्युरेट आणि पिपेट (ठरावीक माप उचलायची नळी) शेवटी त्यांच्या-त्यांच्या द्रावणाने खंगाळायचे, फ्लास्क मात्र फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने. मुलं हटकून फ्लास्कही आम्लाने खंगाळतात. तळाशी अर्धा मिली आम्ल राहिलं तरी २५ मिलीवर २ टक्क्यांची चूक. पाण्याने ओला राहिलेला फ्लास्क बिनधास्त वापरा, कारण पिपेटने टाकलेल्या आम्लाचे मोल पाण्याने बदलत नाहीत. नळाचं पाणी मात्र नको, त्यात बायकार्बोनेट असतं आणि ते थोडं आम्ल आधीच खाऊन टाकतं.

ब्युरेटच्या टोकातला हवेचा बुडबुडा सुरुवातीलाच काढा. तो मधेच निघून गेला की तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये न पडताच रीडिंगमध्ये धरलं जातं. वरचं नरसाळं काढून ठेवा, त्याच्या टोकाला लटकलेला थेंब अधल्या-मधल्या वेळी आत पडतो. डोळा द्रावणाच्या पातळीत, खालची वक्ररेषा वाचायची. पिपेटच्या टोकात उरलेला थेंब फुंकून काढू नका, तो तिथेच राहणार असं धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. आणि पाच मिलीचं टायट्रेशन टाळा. एक थेंब २५ मिलीत ०.२ टक्के असतो, पाच मिलीत सरळ १ टक्का.

अंगावर उडालं तर ‘आम्लाला आम्लारी’ हा न्याय तिथे लावायचा नाही. तीव्र आम्ल-आम्लारीच्या उदासिनीकरणात दर मोलला सुमारे ५७ किलोज्यूल उष्णता निघते. ती कातडीवर कशाला? वाहत्या पाण्याखाली हात धरा, बराच वेळ. डोळ्यात गेलं असेल तर पाणी चालू ठेवूनच डॉक्टरांना बोलवा.

काम झालं की ब्युरेट लगेच रिकामं करून धुवा. काचेच्या स्टॉपकॉकमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड रात्रभर राहिलं की कळ अशी घट्ट बसते की पकडीने फिरवायला गेलात तर काचच हातात येते. काचेच्या बुचाच्या बाटलीतही ते ठेवू नका, त्याच कारणाने. आधीच अडकलं असेल तर जोर करू नका. कळीचा भाग पातळ आम्लात बुडवून रात्रभर ठेवा, सकाळी कोमट पाण्याखाली धरून हलक्या हाताने फिरवून बघा. माझी दोन ब्युरेट अशी सुटली आहेत. तिसरं नाही सुटलं.